आंबोली घाटातील झऱ्याचे पाणी प्यावे का?

ऑक्टोबरमध्ये आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाताना घाटातील कड्यातून येणारे पाणी बाटल्यांत भरून मुलांना द्यावे का, असे आपण विचारले आहे. झऱ्यापाशी अवश्य थांबावे. मुलांना मात्र ते पाणी उकळल्याशिवाय देऊ नये.

आंबोलीच्या पठारावर जांभा, म्हणजे छिद्रे असलेला तांबूस दगड, आहे. त्याच्या छिद्रांतून पावसाचे पाणी खोलवर मुरते, खाली चिकण मातीचा किंवा घट्ट कातळाचा थर लागला की अडते आणि डोंगराची बाजू उघडी पडलेली असेल तिथून पाझरू लागते. हिरण्यकेशी नदीही तिथेच, एका गुहेतून उगम पावते. पावसाळ्यात घाटातल्या जवळजवळ प्रत्येक भेगेतून पाणी पडते, पण त्यातले पुष्कळसे पठारावरून नुसते वाहून आलेले असते. सर आली की गढूळ होणारी धार ही अशा वाहत्या पाण्याची खूण समजावी. पाऊस थांबून बरेच दिवस लोटले तरी जी धार तशीच राहते, तो खरा झरा. ऑक्टोबरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी वाहत असल्याने नवख्या माणसाची फसगत होते.

एकदा जानेवारीच्या सकाळी मी बांबूच्या पन्हळीखाली ओंजळ धरली, तेव्हा बाहेर कडक थंडी असूनही पाणी कोमट लागले. जमिनीतल्या पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही, म्हणून तो झरा खरा, याची मला खात्री पटली. पाणी तळ दिसण्याइतके नितळ होते. तरीही दहा-बारा पावले वर चढून पाहिले, तर गुरांची पायवाट झऱ्याच्या अगदी माथ्यावरून गेलेली होती आणि तिच्यावर शेणाचे ताजे पो पडलेले होते. तेव्हापासून मी नितळपणावर विसंबत नाही. फडक्याने गाळल्यावर गाळ जातो, जंतू जात नाहीत. त्यासाठी पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावेच लागते. मुलांसाठी घरचे पाणी पुरेसे घ्यावे.

गाडी वळणावर किंवा कड्याला चिकटून लावू नये, कारण पावसाने सुटलेले दगड ऑक्टोबरमध्येही खाली येतात. रुंद जागा मिळेपर्यंत पुढे जाऊन थोडे चालत मागे यावे. माकडांना खायला देऊ नये. हातपाय धुवावेत, परंतु धारेखाली साबण लावू नये. तेच पाणी पुढे व्हाळातून (ओढ्यातून) खालच्या वाड्यांकडे जाते.