बाळाचं डोकं: ‘वर्ष होऊ दे, मग बघू’ म्हणू नका

टाळू आणि डोक्याचा आकार यांविषयी बेळगाव, खानापूर, निपाणीकडून तीच शंका पुन्हा पुन्हा येते. म्हणून आज उत्तरं एकत्र देतो.

दोन महिन्यांच्या बाळाची टाळू उडताना दिसते. धोका आहे का? (खानापूर)
नाही. पण तापात ती फुगली किंवा जुलाबात खोल गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डोकं मागून एका बाजूला चपटं झालंय. मोहरीची उशी मागवू का? (निपाणी)
मागवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको. गुदमरण्याचा धोका असतो. डोकं गोल करण्याची हमी देऊन आईबापांच्या काळजीवर पैसा करणाऱ्यांचा मला संताप येतो. झोपवताना उताणंच झोपवा. जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, पालथं ठेवा. मान एकाच बाजूला वळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुलगा पाच महिन्यांचा. डोकं लांबट, अरुंद. मधोमध कंगोरा हाताला लागतो. सासूबाई म्हणतात, जावळ काढलं की गोल होईल. (चिकोडी)
जावळ काढल्यानं केस जातात, हाड बदलत नाही. याच आठवड्यात दाखवा. जन्मताना डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो, वर्षाला 46च्या आसपास. मेंदू इतका झपाट्यानं वाढत असताना कवटीच्या शिवणी, म्हणजे तिच्या हाडांमधले सांधे, मोकळ्या हव्यात. पुढून मागे जाणारी मधली शिवण अकाली जुळली, तर कवटीला रुंद होता येत नाही, मग ती लांबत जाते. दोन-अडीच हजार बाळांमागे साधारण एकाची कुठली तरी शिवण अशी जुळते. काहींच्या मेंदूवर दाब येतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच जमते, कारण तेव्हा हाड पातळ असतं. पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. आणि नेमके हेच महिने घरातल्या ‘बघू, बघू’मध्ये जातात! तुमच्या बाळाला तेच झालंय असं पत्रावरून म्हणणार नाही. सीटी स्कॅन हवा का, शस्त्रक्रिया हवी का, हे मेंदूचे सर्जन तपासूनच ठरवतील. सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांनी डॉक्टरांकडूनच ऐकावं.

माणसाच्या बाळाचीच टाळू इतके दिवस उघडी का? (कॉलेज विद्यार्थिनी, बेळगाव)
जन्मताना आपला मेंदू प्रौढ मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसतो. बहुतेक वाढ नंतरची, म्हणून टाळू आणि शिवणी उघड्या लागतात. आपल्या प्राचीन पूर्वजांतही असंच होतं का, हे अजून ठरलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत 1924 साली सापडलेल्या टाउंग बालकाच्या, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या मानवसदृश मुलाच्या जीवाश्म कवटीच्या, कपाळाची शिवण उघडी होती का, यावर संशोधकांत वाद आहे.

चौदा महिने झाले, टाळू भरली नाही. (नंदगड)
बहुतेकांची दीड वर्षापर्यंत भरते, काहींची दोनपर्यंत. पुढच्या लसीच्या वेळी घेर मोजून घ्या आणि डॉक्टरांना विचारा.