हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळली, भरपाई कोणाकडून?

प्रश्न: मी मुलुंडला राहतो. माझी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. मागच्या चाकांना कंपनीचे ड्रम ब्रेक होते. घाटात भरवसा वाटेना, म्हणून एका गॅरेजमधून 42,000 रुपयांत मागे डिस्क बसवून घेतल्या. विम्याचे नूतनीकरण त्याआधीच झाले होते. काही दिवसांनी रात्री ऑफिसातून येऊन सोसायटीच्या रॅम्पवर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून लावली. तासाभराने ती आपोआप खाली आली, शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आदळली आणि वॉचमनच्या नडगीचे हाड मोडले. एजंट म्हणतो, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्याला) मागे डिस्क दिसल्या तर क्लेम गेला. गॅरेजवाला म्हणतो, उद्याच गाडी आणा, जुने ड्रम फुकटात बसवून देतो. मेव्हण्यांचेही तेच मत आहे. काय करू?

उत्तर: नमस्कार. बाकीचे सावकाश वाचा, पण एक गोष्ट आत्ताच: गाडी त्या गॅरेजमध्ये पाठवू नका. आज तुमच्या बाजूने बोलणारा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांत बसलेले कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग), डिस्क आणि हँडब्रेकची केबल. ते एकदा निघाले की काम चुकीचे झाले होते हे सिद्ध करायला तुमच्या हातात काही उरत नाही. फुकटच्या कामाची एवढी घाई गॅरेजवाल्याला का झाली, हे मी वेगळे सांगायला नको. शिवाय सर्व्हेअर यायच्या आत भाग बदलून क्लेम केलात, तर आज जो वाद पॉलिसीच्या अटींचा आहे तो उद्या फसवणुकीचा होईल. मेव्हण्यांना तुमची काळजी आहे, पण हा सल्ला तुम्हाला बुडवेल.

तुमच्या पत्रातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गाडी लावल्याबरोबर घरंगळली नाही, तासाभराने घरंगळली. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून आलेल्या गाडीच्या डिस्क तापलेल्या असतात. त्या थंड होताना डिस्क आणि पॅड आकसतात आणि केबलची पकड सैल पडते. ड्रममध्ये हँडब्रेकची लिव्हर आतल्या शूजना, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांना, फाकवते. डिस्कला मात्र सहसा हँडब्रेकची यंत्रणा असलेला वेगळा कॅलिपर लागतो आणि केबलची लांबी व ताण त्याला जुळवावा लागतो. जुनीच केबल ओढूनताणून जोडली असेल तर गाडी सपाटीवर उभी राहील, उतारावर नाही. हे माझे अनुमान आहे; खात्री ऑटोमोबाइल इंजिनिअरच देऊ शकेल. म्हणून गाडी चालवत न नेता टोइंगने अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. मात्र त्याआधी विमा कंपनी आणि गॅरेज या दोघांनाही ईमेल करून कळवा की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी तपासणी आहे, हजर राहा. गॅरेजवाला आला नाही तरी बिघडत नाही, त्याला कळवले होते हे कागदावर राहते. चाक काढण्याआधीपासून फोटो आणि व्हिडिओ काढा आणि अहवाल सहीशिक्क्यानिशी घ्या.

आता तुमच्या बाजूचे कच्चे दुवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. आरसी बुकात ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो आणि याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे गाडीचे मूळ वैशिष्ट्य पालटेल असा रचनेतील बदल असे म्हटले आहे. त्यामुळे तुमच्या बाजूने युक्तिवाद करता येतो. पण 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ तपशिलाला आणि रस्त्यावरच्या सुरक्षिततेला मोठे वजन दिले, आणि ब्रेक हा तर सुरक्षिततेचा गाभा. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरा दुवा कलम 126 चा. सार्वजनिक ठिकाणी गाडी सोडून जाताना ब्रेक लावणे किंवा ती आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करणे बंधनकारक आहे. तुम्ही हँडब्रेक ओढला होता, हे खरे. पण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये का, असे विचारले जाईलच. मुंबईच्या सोसायट्यांत गाडीमागे गाडी लागते, वॉचमन ढकलून वाट करतो, त्यातून ही सवय जडते, मला ठाऊक आहे. तरी रॅम्पवर ती समर्थनीय नाही आणि भरपाई ठरवताना थोडा दोष तुमच्याकडे येऊ शकतो.

‘सोसायटीचा रॅम्प म्हणजे खासगी जागा, इथे कायदाच लागू नाही,’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. ऐकू नका. ते खरे ठरले तर तुमचेच विमा संरक्षण अडचणीत येईल. आपल्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जुन्या मोटार वाहन कायद्याखालीच ठरवले होते की जिथे लोकांना प्रवेश आहे, मग तो नियंत्रित का असेना, ती जागा सार्वजनिक ठिकाण धरायची. गाडी उभी होती म्हणजे तिचा ‘वापर’ नव्हता, हेही टिकणार नाही. महामार्गावर कलंडून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला, ते महाराष्ट्रातलेच प्रकरण. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही वाहनाच्या वापरातून झालेला अपघात मानले.

वॉचमनची भरपाई तुमच्या गाडीच्या डेंटपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे आणि सुदैवाने तिथे तुमची बाजू भक्कम आहे. तिसऱ्या पक्षाला, म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले त्याला, पैसे देण्यातून विमा कंपनी कोणत्या कारणांनी सुटू शकते, याची यादी कलम 150 मध्ये आहे: वैध लायसन्स नसणे, खासगी गाडी भाड्याने चालवणे, शर्यत, विमा घेताना महत्त्वाची माहिती दडवणे वगैरे. ब्रेक बदलणे त्यात नाही. पॉलिसी आधीची आहे, म्हणजे विमा घेताना तुम्ही काही लपवले असेही होत नाही. मोडलेले हाड ही गंभीर दुखापत असल्याने कलम 164 खाली दोष सिद्ध न करता अडीच लाख रुपये मागण्याचा हक्क त्या माणसाला आहे. त्याला हे तुम्हीच सांगा. उपचाराचा खर्च माणुसकीने जरूर करा, पावत्या ठेवा, पण ‘माझीच चूक, इतके देऊन मिटवतो’ असा कागद विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय करू नका. पॉलिसीच्या अटीत ते बसत नाही. स्कूटरचे नुकसानही तिसऱ्या पक्षाच्या संरक्षणात येते.

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम हा खरा वादाचा भाग. फॉर्ममध्ये डिस्क बसवल्याचे स्पष्ट लिहा. नकार येणारच असेल तर तो लेखी आणि कारणासह मागा. पुढे वादात कंपनीला त्या पत्राबाहेरचे नवे कारण सहसा पुढे करता येत नाही. पण तुमच्या बाबतीत बदल आणि अपघात यांचा थेट संबंध दिसतो, म्हणून फार आशा दाखवणार नाही. अटीचा भंग झाला तरी क्लेमचा काही टक्के भाग द्यावा, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. तडजोड झाली तर त्या धर्तीवर होईल. नकारानंतर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

खरा दावा गॅरेजवाल्यावर. ब्रेकचे काम करतो असे सांगून ज्याने पैसे घेतले, त्याच्याकडून ग्राहकाला सुरक्षित कामाची अपेक्षा असणारच. ‘तुम्हीच तर बदल मागितला’ हा बचाव तो घेईल. त्यावर तुमचे उत्तर एवढेच की हँडब्रेक धरणार नाही, कंपनीच्या तपशिलाबाहेरचे हे काम नियमात बसेल का याची शंका आहे, याची कल्पना त्याने द्यायला हवी होती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष सेवेबरोबरच सूचना वा इशारा न देण्याची जबाबदारीही सेवा देणाऱ्यावर आहे. कच्च्या पावतीवर ‘गॅरंटी नाही’ असा शिक्का असला तरी तेवढ्याने तो सुटत नाही. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, जीपेची नोंद, पावती हे सगळे जपा, फोन बदलू नका. दोन वर्षांच्या आत उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. इतक्या रकमेच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि ऑनलाइनही दाखल होते.

तपासणी उरकली की अधिकृत सेंटरमधूनच ड्रम परत बसवा, बिल घ्या आणि विमा कंपनीला कळवा. घाटाची भीती असेल तर नवे शूज, ताजे ब्रेक फ्लुइड आणि चांगले टायर घ्या. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे जातो आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाकेच करतात. मागचा ब्रेक जास्त चावरा झाला तर पावसात मागची चाके आधी अडकून गाडी गरकन फिरते. कंपनी पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे प्रमाण चाचण्या करून ठरवते ते यासाठीच.

तोवर गाडी सपाट जागेवर, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी ठेवा आणि किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नका.