जिजींची चटई आणि तुझ्या फुल्या

"मावशी, मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना जिजी म्हणतो, वय ५७) स्तनाचा कर्करोग झाला. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, आता दर एकवीस दिवसांनी केमो चालू आहे. चार झाल्या. आजाराआधी त्या रोज पहाटे बायकांच्या योगवर्गाला जायच्या, बारा सूर्यनमस्कार घालायच्या. झेपेल तेवढा योग चालू ठेवा, थकव्याला बरा, असं डॉक्टरही म्हणाले. पण तिसऱ्या केमोनंतर त्यांनी चटईच गुंडाळून ठेवली. 'मन्हा आंगमा ताकदच नही,' म्हणतात. केस गेल्यापासून ओट्यावरही येत नाहीत. मी भिंतीवर कॅलेंडर लावलं, योग केला की टिक, नाही केला की लाल फुली. परवा त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या, जेवायलाही उठल्या नाहीत. बापू (सासरे) म्हणतात, पडू दे तिला. शेजारीण म्हणते, कपालभाती करायला लावा, गाठ विरघळते. मी काय करू? – एक सून"

सूनबाई,

आधी ते कॅलेंडर उतरव. घर आवरताना काढल्यासारखं सहज काढ, त्यावर बोलणं नको. केमोच्या तारखा, रक्ताचे आकडे, गोळ्यांच्या वेळा एवढे हिशेब जिजींच्या मागे आहेतच. त्यात डोळे उघडल्या उघडल्या लाल फुली दिसली की माणूस अंथरुणातच नापास होतो.

अंगात ताकद नाही असं त्या म्हणतात, ते अगदी खरं धर. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई रात्री झोपली की सकाळी पुन्हा शेतात उभी राहते. कर्करोगाचा आणि केमोचा थकवा असा झोपेने उतरत नाही. चैत्र-वैशाखातल्या विहिरीसारखं होतं, मोटर लावली की थोडा वेळ पाणी येतं आणि मग झरा भरायची वाट बघावी लागते. म्हणून बापूंचं बोलणं अर्धं बरोबर आहे. विश्रांती हवीच, पण नुसतं पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात, दिवसा डुलक्या लागतात, रात्री टक्क जाग राहते आणि दुसऱ्या दिवशी आणखी गळाठा येतो.

या थकव्याबद्दल डॉक्टरांना मुद्दाम, वेगळं सांग. आपल्याकडे 'केमो म्हटल्यावर थकवा येणारच' म्हणून कुणी बोलतच नाही. रक्त कमी झालंय का, थायरॉइड बिघडलाय का, दुखण्यामुळे झोप मोडते का, मन खचलंय का, हे त्यांना बघू दे. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. हिमोग्लोबिन घसरलेलं असताना तू कितीही गोड बोललीस तरी जिजी उठणार नाहीत.

आता योगाचं. तू आठवड्याच्या हिशेबाने चालली आहेस, जिजींचं शरीर एकवीस दिवसांच्या हिशेबाने चालतंय. केमोच्या दिवशी स्टेरॉइड दिलेलं असतं, त्यामुळे पहिला दिवस कधी बराही जातो आणि मग दोन-तीन दिवस माणूस कोसळतं. त्या दिवसांत खाटेवरच पडल्या पडल्या पोटावर हात ठेवून दहा-बारा संथ श्वास घेतले, पावलं वर-खाली केली, मुठी उघडल्या-मिटल्या की पुरे. तो त्या दिवसाचा पूर्ण योग. दुसऱ्या आठवड्यात बहुधा पांढऱ्या पेशी खाली असतात, तेव्हा वर्गाच्या गर्दीत न्यायचं नाही, घरीच खुर्चीवर बसून मान आणि खांदे हलवायचे, भ्रामरी करायची, पाय खुर्चीवर ठेवून शवासनात पडायचं. तिसऱ्या आठवड्यात जीव जरा वर येतो. तेव्हा उभ्याने काही करायचं असेल तर भिंतीजवळ. केमोने पायाला मुंग्या येत असतील, तळवे बधिर वाटत असतील तर तोल जातो, आणि तोंडाने त्या सांगणार नाहीत, म्हणून तूच विचार.

सूर्यनमस्कार तूर्त विसर. ज्या बाजूचं ऑपरेशन झालं आणि काखेतल्या गाठी काढल्या, त्या हातावर भार टाकायचा नाही. त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवले असतील तेवढेच, हळूहळू वाढवत. श्वास कोंडायचा नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, धाप लागली, छातीत दुखलं, एक पाय सुजला तर चटईचं नाव काढू नकोस, तडक दवाखान्याला फोन कर. आजार हाडात गेला असेल तर वाकणं, पिळणं असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

वेळ मात्र पक्की ठेव. आपल्याकडचं ऊन बघता सकाळी सहा-साडेसहाच्या पुढे घर तापायला लागतं आणि दुपारी कूलरसमोरही जीव नको होतो. सकाळी चहाआधीचा वेळ धर. जमलं नाही तर रात्री झोपताना, पण 'कधीतरी दिवसभरात' असं नको, ते 'कधीतरी' उगवत नाही.

आणि व्हिडिओ लावू नकोस. पडद्यावरच्या त्या लवचिक पोरी बघून जिजींना आपला बोडका झालेला माथा आणि ओढलेला खांदा आठवत असेल. त्यांच्या वर्गातल्या शिकवणाऱ्या बाईंना सांग, जिजींसाठी दहा मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून द्या, अहिराणीतच. ओळखीचा आवाज 'बठा, जिजी' म्हणाला की त्या बसतील. सूनेने म्हटलं तर कदाचित नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बऱ्या दिवसांत वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला घरी बोलव, सर्दी-खोकला नसेल तिलाच. दोघी बरोबर करतील, मग गप्पा मारतील. पदर घसरायची भीती तिच्यासमोर नसेल.

पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मी खानदेशातली आहे, मला ठाऊक आहे. भेटायला येणारे. सकाळपासून रांग, प्रत्येकाला चहा, प्रत्येकापुढे ऑपरेशनची तीच कथा, आणि एखादी आत्या रडून जाते ते वेगळंच. जिजींची दिवसाची सगळी ताकद तिथे संपते. हे काम बापूंना दे. त्यांनी ओट्यावर बसून तिथल्या तिथेच मंडळींची बोळवण करावी. 'पडू दे तिला' म्हणणाऱ्याने एवढं केलंच पाहिजे.

शेजारणीला सांग, कपालभातीने गाठ विरघळत नाही. नव्याने ऑपरेशन झालेल्या, केमो चालू असलेल्या बाईला तसले जोरकस झटके नकोतच. बाकी तिच्याशी वाद घालायला तुझ्याकडे वेळ नाही.

डॉक्टर योग बरा म्हणाले ते हवेतलं नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४१० जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा, सव्वा-सव्वा तास, चार आठवडे सौम्य योग करणाऱ्यांची झोप सुधारली, थकवाही उतरला. पण त्या सगळ्यांचे उपचार संपलेले होते. तिकडच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या सूचनांतही उपचार चालू असताना झेपेल तसा व्यायाम आणि मन शांत करण्याचे सराव येतात, योगाचं नाव उपचारांनंतरच्या यादीत आहे. म्हणजे सव्वा तासाची अपेक्षा आज जिजींकडून करायचं कारण नाही. आत्ता फक्त सवय जिवंत ठेवायची. चार दिवस पूर्ण सुटले तर पाचव्या दिवशी त्याच दहा श्वासांपासून सुरू करायचं, राहिलेलं भरून काढायचं नाही.

एक जरा कडू बोलते. त्या फुल्या तू जिजींसाठी मारत होतीस असं मला वाटत नाही. त्यांनी आसन केलं की तुझी भीती तेवढी कमी व्हायची, नाही केलं की रात्रभर झोप नाही. घाबरणं साहजिक आहे. पण ती भीती नवऱ्याजवळ बोल, जिजींच्या चटईवर टाकू नकोस. त्यांच्याबरोबर तूही रोज दहा मिनिटं बस, डोळे मिटून, त्यांच्याकडे न बघता.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी येणारच असेल. त्या दिवसांत जिजींबरोबर बसायचं काम तिच्याकडे दे आणि तू तुझ्या माहेरी जा, दोन दिवस तरी. तिथून फोन केलास तर बाकी सगळं विचार, 'योग केला का' एवढं विचारू नकोस.

– मावशी