वडिलांची ठासणीची बंदूक, मक्याचे शेत आणि रानडुकरे

यावल तालुक्यातील एका शेतकरी वाचकांनी विचारले आहे की, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या मक्याची आणि केळीची रानडुकरे नासाडी करीत आहेत. दिवंगत वडिलांची ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावर होती व ती अजून घरीच आहे. जमीन स्वतःच्या मालकीची असल्याने डुकरे मारता येतील काय, आणि जखमी जनावर लगतच्या वनहद्दीत शिरल्यास त्याचा पाठलाग करता येईल काय?

आपण प्रश्न डुकरांविषयी विचारला असला, तरी अधिक तातडीची बाब बंदुकीची आहे. शस्त्रपरवाना व्यक्तीच्या नावे असतो. तो सातबाऱ्याप्रमाणे वारसाहक्काने आपोआप नावावर चढत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार, ज्याच्या ताब्यात असे शस्त्र बेकायदेशीर ठरते त्याने ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले पाहिजे. एकही गोळी न झाडता, केवळ ती माळ्यावर ठेवल्यामुळेही आपल्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून बंदूक जमा करून लेखी पोच घ्यावी आणि मग वडिलांचा परवाना, मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमती जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. आपले गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत असल्यास नव्या परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची (राज्यातील वन्यजीव संरक्षणाच्या प्रमुख अधिकाऱ्यांची) पूर्वसहमती लागते, त्यामुळे या कामास वेळ लागेल हे गृहीत धरावे.

परवाना मिळाला, तरी तो बंदूक बाळगण्याचा असेल, शिकारीचा नव्हे; पुष्कळ लोक नेमके येथेच फसतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, असून कलम ९ ची शिकारबंदी त्याला लागू आहे. जमीन कोणाच्या मालकीची आहे याने या बंदीत फरक पडत नाही. शिवाय ‘शिकार’ या शब्दात ठार मारण्याबरोबरच जखमी करणे, विष घालणे, फासे लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मुळीच ऐकू नये. रात्री पाणी द्यायला निघालेला मजूर त्या तारेला लागला, तर प्रकरण वन विभागापुरते राहणार नाही.

कायदेशीर वाट याच अधिनियमाच्या कलम ११ मध्ये आहे. उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या जनावराच्या बाबतीत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे सातबारा, पीकपाहणीची नोंद व नुकसानीची छायाचित्रे जोडून अर्ज करावा, पोच घ्यावी आणि आदेश हाती येईपर्यंत काहीही करू नये. आदेशात व्यक्ती, गट क्रमांक आणि मुदत लिहिलेली असेल, तर तिच्या बाहेर जाऊ नये; आपल्या नावाच्या आदेशावर पाहुण्याने बंदूक चालवणे चालणार नाही. मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे ठरते, त्यामुळे मांस वाटून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते.

वनहद्दीत मात्र पाऊल टाकू नये. शेताच्या परवानगीने राखीव वनात शिकार करण्याचा अधिकार मिळत नाही, आणि यावल अभयारण्याच्या हद्दीत पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करणे हाच कलम ३१ चा भंग आहे. वन्यजीव अधिनियमाच्या भंगासाठी एरवी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अभयारण्यातील शिकारीसाठी मात्र किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे. जखमी जनावर तिकडे गेल्यास वनरक्षकास लगेच कळवावे आणि थांबावे.

माझ्या मते या हंगामात बंदुकीपेक्षा नुकसानभरपाईचा अर्ज अधिक उपयोगी पडेल. नुकसान दिसताच, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत, वन विभागास कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत आडवा पडलेला मका उचलू नये.