मज्जारज्जूची सूज आणि स्टेरॉइड

प्रश्न : विहिरीत पडून धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला मार लागला. सूज उतरवायला डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं नाही. चूक झाली का?

उत्तर : नाही. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पूर्वी सर्रास देत : वजनाच्या किलोमागे 30 मिलिग्रॅम, मग 23 तास किलोमागे ताशी 5.4 मिलिग्रॅम, तेही 8 तासांच्या आत सुरू केलं तरच. फायदा जेमतेम, न्यूमोनिया आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. त्यापेक्षा 24 तासांत शस्त्रक्रियेने मज्जारज्जूवरचा दाब काढणं, रक्तदाब पडू न देणं मोलाचं.

आता घरच्यांनी सांभाळायचं ते बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि लघवीचा जंतुसंसर्ग. दोन्हींमुळे अंगातला दाह धुमसत राहतो. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा रोज पाहा. बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर त्या जागेवर अजिबात भार नको.