बीओडीच्या बाटलीत तिसऱ्या दिवशी डीओ शून्य आला तर

प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी पर्यावरणशास्त्र, शेवटचं सत्र, इंदूरच्या कान्ह (खान) नदीवर पाच ठिकाणं. बाटल्या तीन दिवस २७ अंशांना ठेवून बीओडी (जिवाणू सेंद्रिय घाण खाताना वापरतात तो प्राणवायू) काढायचा होता. तीन ठिकाणच्या बाटल्यांत तिसऱ्या दिवशी डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) शून्य. आणि क्लोरीन दिलेलं शुद्ध केलेलं सांडपाणी जिथे नदीत पडतं, तिथे बीओडी फक्त २ मिग्रॅ/लि., सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा प्राणवायू) मात्र ६०. गाईड म्हणतात, सरासरी काढून पुढे चला.

सरासरी काढू नका. डीओ शून्य म्हणजे बाटलीतला प्राणवायू सगळा संपला, आणि तो पहिल्या रात्री संपला की तिसऱ्या, हे आता कोणी सांगू शकत नाही. नमुना १५० मिली आणि बाटली ३०० मिलीची असेल, तर सुरुवातीच्या डीओला ०.५ ने भागून 'एवढ्यापेक्षा जास्त' इतकंच प्रबंधात लिहिता येतं. हा आकडा सरासरीत घातला की सर्वांत घाण ठिकाणच कागदावर स्वच्छ दिसायला लागतं.

मूळ चूक डायल्यूशनची, म्हणजे नमुन्यात किती पाणी मिसळलं याची आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे २७ अंशांना पाण्यात डीओ मावतो साडेसातच्या आतबाहेर. तीन दिवसांत किमान २ मिग्रॅ/लि. खर्च व्हायला हवा आणि शेवटी किमान १ उरायला हवा. म्हणजे तुमच्या हातात खिडकी आहे २ ते ६.४ची. प्रत्येक ठिकाणच्या नमुन्याचे ३०० मिलीच्या बाटल्यांत ९, ३० आणि ९० मिली असे तीन भाग लावा. ९० मिलीची बाटली अंदाजे ७ ते २१ पर्यंतचा बीओडी दाखवते, ३० मिलीची २० ते ६४, आणि ९ मिलीची ६७ ते २१३. बीओडी ७ ते २१३ च्या दरम्यान असेल तर तीनपैकी एक बहुधा बसते. नदीच्या पाण्यात स्वतःचाच डीओ कमी असतो, म्हणून सुरुवातीचं वाचन प्रत्येक डायल्यूशनचं वेगळं घ्या, ब्लँकचं (नमुना नसलेल्या, नुसत्या डायल्यूशन पाण्याच्या बाटलीचं) वापरू नका.

डायल्यूशनचं पाणी: लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड प्रत्येकी १ मिली, मग हवा सोडून संपृक्त. ब्लँकमध्ये तीन दिवसांत ०.२ पेक्षा जास्त घट आली तर तो अख्खा लॉट बाद. बहुतेक वेळा दोष डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये किंवा नळीत साचलेल्या बुळबुळीत थरात असतो.

आता तो २ चा आकडा. माझ्या मते तुमच्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. कच्च्या सांडपाण्यात बीओडी हा सीओडीच्या साधारण निम्मा असतो. शुद्धीकरणानंतर हे गुणोत्तर बरंच खाली येतं, पण २ भागिले ६० म्हणजे ०.०३. एक तर पाणी खरोखरच स्थिर झालंय, नाहीतर उरलेल्या क्लोरीनने बाटलीतले जिवाणूच मारले. दोन्हींत फरक कसा करायचा? आधी उरलेला क्लोरीन मोजा, तेवढ्याच हिशोबाने सोडियम सल्फाइट घालून तो काढा, मग निवळलेल्या घरगुती सांडपाण्याचं सीड (जिवाणूंचं विरजण) द्या, डायल्यूशन पाण्याच्या लिटरला १ ते २ मिली. सीडची स्वतःची घट वेगळ्या बाटलीत मोजून वजा करा. एवढं करूनही २ आला तर तो खरा. २५ आला, तर आधीचं वाचन चूक होतं, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) हेच अभिमानाने सांगा.

डीओ मोजण्याच्या टायट्रेशनमध्ये दोन ठिकाणी हात चुकतो. मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घातल्यावर साका तपकिरी यायला हवा. पांढराशुभ्र राहिला तर डीओ नाहीच, पुढे ॲसिड घालून आकडा शोधत बसू नका. आणि स्टार्च लवकर घालू नका. २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब सोडत रंग फिक्या गवती पिवळ्यावर येऊ द्या, मगच स्टार्च. निळा रंग गेल्यानंतर अर्ध्या मिनिटात परत आला तर नायट्राइटची शंका घ्या आणि अझाइडचं द्रावण ताजं करा.

नमुना नदीपात्राच्या मध्यावर घ्या, पृष्ठभागाखाली ३० सेंमी, बाटलीचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे. डीओ काठावरच फिक्स करा, म्हणजे वरची दोन रसायनं तिथेच घाला; बीओडीचा नमुना बर्फात ठेवून सहा तासांत लावा. वेळ ठरलेली हवी. इथे नर्मदेचं पाणी पुष्कळ वस्त्यांत एक दिवसाआड येतं, त्यामुळे नाल्यांचा प्रवाहही बदलतो. लागोपाठ दोन दिवस नमुने घ्या. रंगपंचमीच्या गेरनंतरचे (इंदूरची रंगांची मिरवणूक) दोन दिवस मात्र सोडा.

विषय व्यवस्थापनाचा असेल तर प्रवाह मोजल्याशिवाय भागत नाही. १० मीटर सरळ टप्पा धरून संत्रं सोडा, वेग ०.८५ ने गुणा, त्याला रुंदी आणि सरासरी खोलीने गुणा. समजा प्रवाह सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे रोज ८६.४ दशलक्ष लिटर. बीओडी ४० असेल तर रोज ३,४५६ किलो भार. बीओडी १५० असलेला पण चिमूटभर प्रवाहाचा नाला यापुढे किरकोळ ठरतो, आणि पैसा आधी कुठे घालायचा ते अशा भारांच्या तक्त्यातून दिसतं. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते आणि २०२८ चा सिंहस्थ तिथेच आहे; स्नानाच्या पाण्याची मर्यादा बीओडी ३, डीओ किमान ५. तुलना तिच्याशी करा, ३० च्या विसर्ग मर्यादेशी नको.

पाच ठिकाणं, तीन डायल्यूशन, आधी-नंतर अशा ३० बाटल्या, वर ब्लँकच्या चार. सीडच्या बाटल्या वेगळ्या मोजा. इन्क्युबेटरमध्ये जागा आधी मागून ठेवा, झाकणावरचं वॉटर सील रोज बघा, आणि नमुने सोमवार-मंगळवारीच काढा. गुरुवारी लावलेल्या बाटल्या रविवारी निघतात, आणि तेव्हा लॅबला कुलूप असतं.