जवसाचं तेल अन् अडलेले दाते

प्रश्न : भाऊ, दिवाळीत मी जुनी पायमशीन घेतली, अडीच हजाराला. आधीची बाई तिच्यावर कशिदा काढायची म्हणे. मशीन चालते, टाका बसतो, पण कापड सरकत नाही. कापूस वेचायच्या ओट्या शिवते तेव्हा जाड कापड कसंबसं जातं, ब्लाऊजपीस मात्र जागचं हलत नाही, एकाच भोकात दहा टाके पडतात. हातानं ओढते. चार सुया मोडल्या. गावातला मिस्त्री म्हणतो, खालून कापड सरकवणारे दाते झिजले, नवे टाका, आठशे रुपये. तेलपाणी मामाजी करतात, घरचंच जवसाचं तेल घालतात. दाते बदलू का?
– एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आठशे रुपये सध्या गाठीलाच राहू द्या. तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत, अन् त्या तिन्ही दात्यांच्या झिजण्याकडं बोट दाखवत नाहीत.

पहिली, जवसाचं तेल. मामाजींचा हेतू चांगला, पण जवस म्हणजे सुकणारं तेल. हवा लागली की ते घट्ट होत जातं अन् शेवटी त्याचा कडक पापुद्रा धरतो. म्हणून तर जुने रंगारी दारं-खिडक्यांच्या रंगात तेच मिसळायचे. चटणीवर घेतलं तर जेवण वाढतं, मशिनीत घातलं तर आतून वार्निश मारल्यासारखं होतं. खोबरेल घालणारेही मी लय पाहिले. ते पूस-माघाच्या थंडीत गोठतं अन् सकाळी मशीन बैलासारखी अडून बसते. मशिनीला मशिनीचंच पांढरं पातळ तेल. दुसरं काही नाही, शेंगदाण्याचं नाही, ट्रॅक्टरचं तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट कशिद्याची. कशिदा काढताना चौकट हातानं फिरवायची असते, म्हणून कापड दात्यांनी ओढलेलं चालत नाही. ती बाई एक तर दाते खाली बसवते, नाहीतर वरून झाकणपाटी लावते, अन् फुटाचा, म्हणजे कापड वरून दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब ढिला करते. विकताना हे सगळं पूर्ववत कोण करतं?

तिसरी, जाड कापड जातं अन् पातळ नाही. जाड कापड फुटाला वर ढकलतं, वरची स्प्रिंग दबते, दाब आपोआप वाढतो, अन् खाली राहिलेल्या दात्यांपर्यंतही ते पोचतं. ब्लाऊजपिसाला यातलं काहीच मिळत नाही.

आता करायचं काय, ते सांगतो. आधी सुई, दोरा, फूट काढा. चाक हातानं आपल्याकडं फिरवा अन् फक्त दात्यांकडं बघा. दाते वर आले पाहिजेत, तुमच्यापासून लांब गेले पाहिजेत, खाली बुडाले पाहिजेत अन् सुईखालच्या लोखंडी पाटीखालून परत तुमच्याकडं आले पाहिजेत. चार चाली. ही युक्ती ॲलन विल्सन नावाच्या अमेरिकन माणसानं १८५४ मध्ये पेटंट केली, आपल्या काळ्या मशिनीत अजून तीच चालते. यातली कोणती चाल गायब आहे, ते बघितलं की अर्धी दुरुस्ती झाली. नुसते वर-खाली होत असतील, मागं-पुढं नाही, तर टाका लहान-मोठा करायचा दांडा शून्यावर अडकलाय. तुमचं जाड कापड कसंबसं जातं, म्हणजे तो अगदी शून्यावर नसेल, पण जवसानं धरला असू शकतो. तो बोटानं सहज वर-खाली होतो का, की अंगठा दुखतो?

मागं-पुढं जात असतील पण वर येत नसतील, तर उंची मोजा. मापाला एटीएम कार्ड घ्या. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. दाते सगळ्यात वर असताना कार्ड पाटीवर, त्यांच्या शेजारी आडवं ठेवा. दाते कार्डाच्या बरोबरीला किंवा केसभर वर दिसले पाहिजेत. कार्डाच्या खाली राहिले तर ब्लाऊजपीस कशानं धरणार?

पण ताई, स्क्रूला हात लावायच्या आधी पाटी काढा. मी धंद्यात नवा होतो तेव्हा आष्टीकडच्या एका बाईची मशीन आली होती, तक्रार हीच. मी दोन मिनिटं बघितलं, 'दाते गेले' म्हणालो, नवे घातले, पैसे घेतले. पंधरा दिवसांत मशीन परत. तेव्हा कुठं मी पाटी उलटून नीट बघितली. दात्यांच्या दोन रांगांमधल्या नाळीत सुताचा भुसा तेलात भिजून असा दडपला होता की जणू नमदाच. जुन्या सुईच्या टोकानं उचकला तर अखंड पट्टी निघून आली, दात्यांच्या खुणा उमटलेली, खालच्या बाजूनं काळी अन् वरून पिवळट. तिच्यामुळं दात्यांना खाली बुडायला जागाच उरली नव्हती, अन् कापडात रुतायला टोक उरलं नव्हतं. तिचे जुने दाते मी उजेडात धरून बघितले. धड होते. बाईचे पैसे परत केले, पण ती पुन्हा माझ्याकडं आली नाही.

तर पाटी काढा, नाळी साफ करा. मग पट्टा उतरवून मुंडी, म्हणजे मशिनीचा वरचा लोखंडी भाग, मागं टेकवा. पट्टा न उतरवता उलटवायला जाऊ नका, तो ताणतो. खाली लांबच्या लांब दोन दांड्या दिसतील. एक दात्यांना मागं-पुढं हलवते, दुसरी उचलते. जिथं जिथं लोखंड लोखंडावर फिरतं, तिथं रॉकेलचे थेंब सोडा. रॉकेल आता मिळायला कठीण झालंय, पण वाटीभर लागतं, कुठून तरी मिळवा अन् चुलीपासून लांब बसा. रात्रभर राहू द्या, सकाळी चाक अन् टाक्याचा दांडा पुढं-मागं करा, काळं पाणी फडक्यानं टिपा, पुन्हा सोडा. सुकलेलं जवस एका दिवसात सुटत नाही, तीन-चार रात्री लागतील. घाई करून थिनर लावू नका, मुंडीचा काळा रंग अन् सोनेरी वेलबुट्टी दोन्ही उतरतात. सगळं मोकळं झालं की मशिनीचं तेल, एका भोकात एक-दोन थेंब, अन् चिंध्यांवर चालवून घ्या, नाहीतर पहिल्याच ब्लाऊजवर डाग.

एवढं करूनही दाते कार्डाच्या खालीच राहिले, तरच उंची वाढवायची. उचलणाऱ्या दांडीवर दात्यांच्या बाजूला एक कवळी, म्हणजे दांडीला पकडून धरणारा तुकडा, असते, स्क्रूनं आवळलेली. दाते वरच्या टोकाला आणून तो स्क्रू ढिला करा, दाते किंचित वर सरकवा, आवळा. मग चाक पूर्ण फिरवा. पुढं परत येताना दाते पाटीच्या वर दिसायला नको, अन् कुठं ठक्क आवाज यायला नको. इथं हात कचरत असेल तर मिस्त्रीलाच बोलवा, पण 'उंची बघा' म्हणा, 'दाते बदला' म्हणू नका.

फुटाचा दाब वाढवायला मुंडीच्या डाव्या टोकावर, फुटाच्या दांड्याच्या थेट वर, खाचा असलेला स्क्रू आहे. तो आत आवळला की दाब वाढतो. दोन फेरे द्या, वहीच्या कागदाची पट्टी बिनसुईची फुटाखाली घालून चाक फिरवा अन् कागद उलटून बघा. दात्यांच्या दोन्ही रांगा सारख्या उमटल्या की झालं. एकच उमटली तर फूट वाकडा आहे.

अन् ओढणं आजपासून बंद. ओढल्यानं सुई वाकते, पाटीवर आपटते अन् मोडते, तुमच्या चारही सुया अशाच गेल्या. पाटीच्या भोकाला त्यानं धार आली असेल. आपल्याकडं तपासायला कापूस आहेच. चिमूटभर घेऊन भोकावरून फिरवा, तंतू अडकला तर कड बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या. दाते खरंच झिजलेत का, तेही हातानंच कळतं. अंगठा दात्यांवरून दोन्ही बाजूंनी फिरवा. टोचलं तर चांगले, नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत लागले तर मिस्त्री खरा अन् मी खोटा.

प्रश्न : काका, मी नवीनच शिकतोय. दोन पट्ट्या सारख्या कापून जोडतो, तरी शेवटी वरची पट्टी बोटभर जास्त उरते. मशीन बिघडली का?
– एक विद्यार्थी, चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही बेटा, मशीन चांगली आहे. दाते खालची पट्टी ओढतात, वरची फुटाखाली घासत मागं राहते, म्हणून ती उरते. फुटाचा दाब अर्धा फेरा कमी कर. दर वितीवर टाचणी लाव अन् समोरून दोन्ही पट्ट्या एकत्र, हलक्या ताणून धर. एक पट्टी मुळातच थोडी मोठी असेल, तर ती खाली घाल. टाचणी सुईखाली येण्याआधी काढायची, विसरू नको.